बीपीचं निमित्त

दवाखान्याच्या खिडकीत बसणाऱ्या मावशीला जगातली सगळी कामं जमायची, फक्त गप्प बसणं जमायचं नाही. सकाळी आठला ती खिडकी उघडायची ती बोलतच. नंबर वाटायची, वय विचारायची, खोकणाऱ्याला मागे उभं करायची आणि मधल्या वेळात कुणाच्या तरी भाचीसाठी स्थळ सुचवायची. तेवीस वर्षं तिने त्या खिडकीतून केसपेपर काढले होते. आजूबाजूच्या चार गल्ल्यांतल्या लोकांना स्वतःची जन्मतारीख आठवली नाही, तर ते मावशीला विचारायचे. आणि अशा बाईपासून, तिच्या खिडकीपासून बारा पावलांवर, तिच्याच सुनेचं गुपित सांभाळायचं काम सिस्टरच्या गळ्यात पडलं होतं. आता बोला.

सिस्टर म्हणजे इंजेक्शनच्या खोलीतल्या. मावशीच्या आधी वर्षभर नोकरीला लागलेल्या, त्यामुळे दोघींचं अगंतुगं. दुपारी एकाच बाकावर बसून डबा खायचा, एकमेकींची दुखणी ऐकायची, एकमेकींच्या नवऱ्यांना नावं ठेवायची. इतक्या वर्षांत सिस्टरनी मावशीपासून लपवलेली एकही गोष्ट नव्हती. लपवायची कशी? मावशी डोळ्यांतून काढून घ्यायची.

गुपित असं होतं. मावशीची सून गरोदर होती आणि तिला दुखण्याच्या तगड्या गोळ्या लागल्या होत्या, अफूच्या जातीच्या. लागल्या म्हणजे चहा लागतो तशा नव्हेत. गोळी चुकली की नाक वाहायचं, अंगावर काटा यायचा, पोटात पिळा पडायचा आणि चादरीखालीसुद्धा दात वाजायचे. दोन वर्षांपूर्वी ती जिन्यावरून पडली, पाठीला मार बसला, तेव्हा या गोळ्या दोन आठवड्यांपुरत्या लिहून दिलेल्या होत्या. चालल्या आठ महिने. कशा चालल्या ते सिस्टरना नीट ठाऊक होतं, कारण चालवणाऱ्यांत त्या स्वतः होत्या. दर पंधरा दिवसांनी मावशी सुनेच्या नावाचा कागद काढायची, पोरीला कशाला रांगेत ताटकळत ठेवायचं म्हणून सिस्टरच्या हातात द्यायची, आणि सिस्टर तो सहीच्या गठ्ठ्यात मधोमध सरकवायच्या. तेव्हाचे डॉक्टर चाळीस सह्या एका दमात ठोकायचे. दवाखान्यात आपल्या माणसासाठी एवढं सगळेच करतात. यात काही चुकतंय असं कुणाच्या मनातही आलं नाही, आणि तीच तर रड आहे.

मग ते डॉक्टर बदलून गेले. नव्या डॉक्टरीणबाईंनी गठ्ठ्याची पद्धत पहिल्याच आठवड्यात मोडली आणि गोळ्या बंद झाल्या. सुनेची पाठ बरी झाली असं मावशीने आनंदाने चारचौघांना सांगितलं. सून मात्र त्याच गोळ्या बाहेरून, चोरून मिळवत राहिली.

तिसरा महिना लागला तेव्हा ती एकटी दवाखाना बंद व्हायच्या वेळेला सिस्टरकडे आली. मावशी त्या दिवशी एका बारशाला गेली होती. सून उभ्या उभ्याच म्हणाली की मला दिवस गेलेत आणि गोळीवाचून मला सकाळी उठता येत नाही. एवढं बोलून ती वजनाच्या काट्यावरच बसली. आठ महिन्यांचे ते सगळे कागद त्यांच्या डोळ्यांपुढून गेले.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी दोघींना समोर बसवून सरळ सांगितलं. गोळ्या एकदम बंद केल्या तर गर्भाशय आवळायला लागतं, मूल वेळेआधी येऊ शकतं, दगावूही शकतं. त्याऐवजी दुसरी मोजून मापून दिलेली गोळी रोज घ्यायची, बाळंतपण होईपर्यंत आणि त्यानंतरही. तिने नशा होत नाही, गोळ्यांची हाव जाते आणि बाई माणसात राहते. जन्मल्यावर बाळ काही दिवस थरथरेल, किरकिर करेल, त्याला नजरेखाली ठेवावं लागेल, पण त्यावर उपचार आहेत. नियमाने गरोदर बाईला यासाठी दोन बस बदलून मोठ्या दवाखान्यात जायला हवं होतं. अशा अवस्थेत रोज तेवढं हिंडवण्यापेक्षा आपण इथेच देऊ म्हणून बाईंनी वर लिहून परवानगी आणली. अट एकच. गोळी सिस्टरच्या कुलपात राहील आणि सिस्टरच्या डोळ्यांदेखत घेतली जाईल. घरी एकही न्यायची नाही.

सुनेचीही एकच अट होती. "आईंना कळता कामा नये."

सिस्टरना ते लगेच पटलं. अशी गोळी घ्यायला आणखी तिघं जण यायचे. त्यांना मावशी 'झिंगणारे' म्हणायची, सगळ्यांत शेवटचा नंबर द्यायची आणि ते गेल्यावर खिडकीची फळी पुसून काढायची. अशा सासूची भीती कुणाला वाटणार नाही? मग सिस्टरनीच तोड काढली. सुनेचं बीपी वरखाली होतंय, ते रोज बघायला हवं, असं मावशीला सांगायचं. रोज यायला कारण मिळालं आणि वर काळजीही दिसली. आपल्या डोक्याचं सिस्टरना त्या दिवशी भारी कौतुक वाटलं होतं.

गोळी घ्यायची रीत अशी. आधी घोटभर पाण्याने तोंड ओलं करायचं, मग गोळी जिभेखाली ठेवायची आणि दहा मिनिटं तोंड मिटून बसायचं. बोलायचं नाही, गिळायचं नाही. गिळली की पोटात जाऊन तिची माती होते. सिस्टर घड्याळ सुनेच्या बाजूला वळवून ठेवायच्या आणि दाराला आतून कडी घालायच्या. बाहेरून मावशीचा आवाज यायचा, आज किती आलं गं, जास्त नाही ना. सून मान खाली घालून बसायची. सिस्टर आतून एक आकडा ओरडून सांगायच्या.

आणि त्या आकड्यांनीच पुढे जीव खाल्ला. रोज बोलवायचं तर बीपी थोडं चढलेलं हवं, पण घाबरण्याइतकं नको. सिस्टर बसमध्ये बसून उद्याचा आकडा ठरवायच्या. काल एकशे छत्तीस सांगितलं, आज एकशे बत्तीस बरं दिसेल. विसरायला नको म्हणून खिशातल्या डायरीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवायच्या. सबंध संसारात नवऱ्याशी जेवढं खोटं बोलल्या नव्हत्या, तेवढं त्या चार महिन्यांत मावशीशी बोलल्या. मावशीने तर घरातलं मीठच तोडलं. सुनेचंच नव्हे, सगळ्यांचं. मुलगा पंधरा दिवसांनी फिरतीवरून घरी आला की पहिल्या घासाला तोंड वाकडं करायचा, आणि मावशी दुपारी बाकावर ते रंगवून सांगायची. सिस्टरही हसायच्या. हसता हसता उद्याचा आकडा ठरवायच्या.

सातवा महिना लागला आणि डॉक्टरीणबाई चार दिवसांच्या प्रशिक्षणाला परगावी गेल्या. त्याच दिवशी मावशी एक खोकं छातीशी धरून इंजेक्शनच्या खोलीत आली. चेहरा नुसता फुललेला. तिने बीपी मोजायचं मशीन घेतलं होतं, घरी वापरायचं, बटण दाबलं की आकडा दाखवणारं.

मावशी सांगत सुटली होती. पोरीला या दिवसांत रोज एवढं चालवायचं म्हणजे काय. आता तिने यायचं नाही. सकाळ-संध्याकाळ मी घरीच बघेन, कागदावर लिहीन. आणि उद्यापासून रजाही टाकली आहे, नातवंडासाठीच साठवली होती, आता पोरीला एक क्षण एकटी सोडायची नाही. सिस्टर कशाबशा म्हणाल्या की असली मशीनं बरोबर नसतात. मावशीने लगेच त्यांच्याच दंडाला पट्टा गुंडाळला. घरच्या मशीनवर एकशे बावन्न आलं. दवाखान्याच्या मशीनवरही एकशे बावन्नच आलं. मावशी म्हणाली की सुनेचं राहू दे, आधी तू स्वतःचं मीठ बंद कर. बीपीचं निमित्त त्यांचंच होतं आणि मावशीने ते प्रेमाने काढून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी सून आली नाही. सिस्टरनी तिला फोन केला तर तो मावशीने उचलला आणि ती झोपली आहे म्हणून सांगितलं. तासाभराने पुन्हा केला, पुन्हा मावशीच. तिसऱ्यांदा मावशीने विचारलं की तुला आज काम नाही वाटतं. संध्याकाळी सुनेने कुठूनतरी दोन ओळी पाठवल्या. बाहेर पडू देत नाहीत, फाटकापर्यंतही मागे येतात, सांगू नका.

सिस्टरनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या की तिला आणता येत नसेल तर तुम्ही घरी जा, तुमच्या समोर एक गोळी द्या, कागदपत्रांचं मी आल्यावर निस्तरते. मात्र उद्याचा दिवस चुकू देऊ नका.

म्हणून तिसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर गोळी पर्समध्ये घालून मावशीच्या घरी गेल्या. मावशीने तोंडभरून स्वागत केलं आणि आधी कागद पुढे केला. सरळ रेघा मारलेल्या, तारीख, वेळ, आकडा. एकशे दहा, एकशे बारा, एकशे आठ. घरच्या अन्नाने दोन दिवसांत उतरलं, दवाखान्यातलंच मशीन तपासून घे, असं ती म्हणाली. सिस्टरची नजर पलंगावर होती. सून भिंतीला टेकून बसली होती. एकामागून एक जांभया, डोळ्यांत पाणी, नाक लाल आणि दंडावर टरारून आलेला काटा. मावशीच्या मते ती सर्दी होती. तिने सकाळपासून दोनदा वाफ दिली होती.

नाडी बघायच्या बहाण्याने सिस्टरनी सुनेचा हात धरला आणि गोळी तिच्या मुठीत सरकवली. सून न्हाणीघरात गेली. आतून कडी वाजली. सिस्टरनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि मावशीला बोलण्यात गुंतवायला घेतलं. खिडकीत बसणारी बदली बाई कशी घोळ घालते ते सांगितलं, मुलाच्या फिरतीबद्दल विचारलं, स्वतःच्या गुडघ्यांचं रडगाणं गायलं. जन्मभर जी बाई बोलायचं थांबली नव्हती, तिला आज नेमकं बोलायचंच नव्हतं. तिचे कान न्हाणीघराच्या दाराकडे लागले होते. दोन मिनिटं झाली. तीन झाली. मावशी उठली.

सिस्टर म्हणाल्या की जाऊ दे गं, बायकांना या दिवसांत वेळ लागतो. मावशीने दारावर थाप मारली. आतून आवाज नाही. तिने नावाने हाक मारली, पुन्हा थाप मारली. मग दोन्ही हातांनी दार बडवायला लागली. पोर आत घसरून पडली असेल, बोलत का नाही, शेजाऱ्यांना बोलाव, दार तोडायला लाव, असं ती ओरडत होती. ती खरोखर घाबरली होती. सिस्टरनी तिचा दंड धरला, तो तिने झटकून टाकला.

"आले, आई," आतून आवाज आला.

साडेचार मिनिटं झाली होती. त्या दोन शब्दांबरोबर गोळी गिळली गेली, हे त्या घरात दोघींनाच कळलं. सून बाहेर आली तेव्हा मावशीने तिला मिठीत घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि बजावलं की यापुढे कडी लावायची नाही. सिस्टर निघाल्या तेव्हा त्यांना रस्ता धड दिसत नव्हता. एवढ्या मायेच्या घरात पोर अशी अडकली होती की ओरडायचीसुद्धा सोय नव्हती.

पुढच्या दिवशी सकाळी दवाखाना उघडतो न उघडतो तोच मावशी शेजाऱ्याच्या गाडीतून सुनेला घेऊन आली. सून घामाने भिजली होती, पाय एक क्षण स्थिर राहत नव्हते, पोट दर दहा मिनिटांनी दगडासारखं होत होतं. मावशीच्या एका हातात तिचा दंड होता आणि दुसऱ्या हातात आकड्यांचा कागद. बीपी चांगलं आहे, मग हे काय होतंय, हेच ती पुन्हा पुन्हा विचारत होती.

सिस्टरनी फोनवर बाईंना सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या की गोळी आत्ता द्या, गाडी बोलवा आणि मोठ्या दवाखान्यात पाठवा, मी तिथे कळवते. सिस्टरनी मावशीला बाहेर थांबायला सांगितलं. मावशी हलली नाही. ही माझी सून आहे, मी कुठे जात नाही, असं म्हणून ती खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. वाद घालायला वेळ नव्हता. सिस्टरनी सुनेपुढे वाकून विचारलं, "इथे देऊ? यांच्यासमोर?"

सुनेने सासूकडे बघितलं. मग तिने तोंड उघडलं आणि जीभ वर उचलली.

मावशीने ते कुलूप ओळखलं, ती इवलीशी गोळी ओळखली आणि वळवून ठेवलेलं घड्याळही ओळखलं. त्या 'झिंगणाऱ्यां'च्या वेळी अर्धवट उघड्या दारातून तिने हे शेकडो वेळा बघितलं होतं. सिस्टर म्हणाल्या की दहा मिनिटं तिच्याशी अक्षर बोलू नकोस, तिला उत्तर द्यायला लावू नकोस, काय विचारायचं ते मला विचार. मग सिस्टरनीच सांगितलं. गोळी कसली, किती दिवस, ती चुकल्यावर काय होतं, बाळाचं काय होईल. बीपीचे आकडे खोटे होते, तेही सांगितलं. एक गोष्ट सोडून सगळं सांगितलं. ती गोष्ट सांगायला तोंड उघडायच्या आधी त्यांनी घड्याळाकडे बघितलं, आणि तेवढ्यात गाडी दारात आली.

"चार महिने रोज माझ्याशेजारी बसून जेवलीस," मावशी म्हणाली.

सिस्टरनी मान हलवली. मावशीने हातातला कागद चुरगळून टाकला आणि सुनेच्या समोर गुडघ्यांवर बसली. रागावेल, हात उगारेल, घरात पाऊल ठेवू नको म्हणेल, असं काय काय सिस्टरच्या मनात आलं. मावशीने पदराने पोरीच्या कपाळावरचा घाम टिपला आणि दहा मिनिटं पुरी होईपर्यंत तशीच बसून राहिली. आणि मग तिने विचारलं.

"तुला पहिल्यांदा त्या नशेच्या गोळ्यांची चटक लावली कोणी?"

आता ही सांगणार. दर पंधरा दिवसांचा तो कागद, तो काढणारी कोण आणि सहीच्या गठ्ठ्यात सरकवणारी कोण, आता सगळं निघणार. सिस्टरना त्यात थोडं हलकंही वाटलं, एकदाचं होऊन जाईल म्हणून.

सून सासूकडे बघत शांतपणे म्हणाली, "एका मैत्रिणीने. तुम्ही नाही ओळखत तिला."

तेव्हा कुठे सिस्टरच्या डोक्यात उजेड पडला. पोर सासूला घाबरत नव्हतीच. चार महिने ती सासूला जपत होती. ही चटक आपल्याच मायेच्या हातून लागली हे मावशीला कधी कळू नये, एवढ्यासाठी तिने पोटातल्या जीवाची बाजी लावली होती. आणि सिस्टर तिला भित्री समजून आकडे रचत बसल्या होत्या.

मावशी उठली. त्या मैत्रिणीला तिने जे बोलायचं ते सगळं बोलून घेतलं, अगदी तिच्या सात पिढ्यांपर्यंत. दुसऱ्याच्या लेकीला असलं विष देताना हात कसा थरथरला नाही, स्वतःच्या घरात असं झालं असतं तर, असं ती म्हणत राहिली. सिस्टरनी बोलायला तोंड उघडलं. सुनेने त्यांचं मनगट पकडलं. तिचा हात गार आणि ओला होता, पण पकड पक्की होती.

दोघींनी मिळून सुनेला गाडीत झोपवलं. मावशी तिच्या उशाशी चढून बसली आणि मग पुन्हा अर्धी खाली उतरून तिने सिस्टरचे दोन्ही हात हातात घेतले. तिचा राग कुठल्या कुठे गेला होता.

"तू होतीस म्हणून वाचली गं पोर," ती म्हणाली. "आता एवढं कर. त्या बाईचं नाव शोधून काढ. मी तिला सोडणार नाही."

सिस्टर म्हणाल्या, "काढते." मग त्यांनी गाडीचं दार लावून घेतलं आणि चालकाला निघायला सांगितलं.